दोनशे सतरा नंबरची बाई

वाशीम,
१४ जून १९७९

प्रिय देवमन,

आधी निकाल सांगतो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. लेखाशास्त्राच्या व्याख्यात्याची जागा तुला मिळालेली नाही. कॉलेजचं पत्र चार-आठ दिवसांत तुझ्या नागपूरच्या पत्त्यावर येईल. त्यात 'अध्यापनाचा अनुभव अपुरा' असं कारण लिहिलेलं असेल. ते खोटं आहे. ते मीच सुचवलं, कारण प्राचार्यांना काहीतरी टाइप करून घ्यायचं होतं आणि त्यांची घरी जायची वेळ झाली होती. खरं कारण या पत्रात आहे, पण ते शेवटी येईल. कुठलाही कागद हातात पडला की तू आधी तळाची बेरीज बघतोस, हे मला माहीत आहे. ती खोड मीच लावली. आजच्या दिवस ती बाजूला ठेव आणि वरून खाली वाच.

सोमवारी तू मुलाखतीच्या खोलीत आलास तेव्हा क्षणभर मी तुला ओळखलंच नाही. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, हातात चामड्याची बॅग. पहिल्या वर्षाला असताना तू वर्गात 'मले' म्हणालास की मागचे बाक खिदळायचे. मी त्यांना कधी गप्प केलं नाही, उलट एक-दोनदा तुझी नक्कल करून दाखवली. आता तू माझ्यापेक्षा शुद्ध बोलतोस. मी अजून घरात 'काहून' आणि 'कायले' म्हणतो, आणि आमच्या दुर्गाबाई मला चिडवतात, की कॉलेजात इंग्रजी झाडणारा प्रोफेसर उंबरठ्याच्या आत आला की निव्वळ अनसिंगच्या बाजारातला माणूस होतो. तू मात्र सगळं धुऊन टाकलंस. मुलाखतभर तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. आम्ही तिघं होतो, संस्थेचे अध्यक्ष, विद्यापीठाने पाठवलेले गृहस्थ आणि विषयाचा जाणकार म्हणून मी. तू सगळी उत्तरं विद्यापीठाच्या माणसाला दिलीस. निकाल ज्याच्या हातात आहे असं वाटतं त्याच्याकडेच माणूस बघतो, त्यात गैर काही नाही. तुझा हिशेब एका माणसाने चुकला, एवढंच.

उत्तरं मात्र चोख होती. नागपूरच्या त्या मोठ्या कचेरीच्या यंत्रविभागात पाच वर्षं काढलीस, तुझ्या हाताखाली एकोणीस मुली कार्डं पंच करतात, ते सगळं तू न चाचरता सांगितलंस. जी मुलगी पंच करते तिने तपासायचं नाही. जो यंत्राचे आदेश लिहितो त्याने यंत्राच्या खोलीत एकट्याने पाऊल टाकायचं नाही. आदेशात एक ओळ बदलायची झाली तरी दोन सह्या आणि तारीख. बाद झालेलं कार्ड फाडायचं नाही, जपून ठेवायचं, म्हणजे का बाद झालं ते उद्या कुणी विचारलं तर दाखवता येईल. विद्यापीठाचे गृहस्थ मान डोलवत होते. अध्यक्ष पंख्याकडे बघत होते. त्यांच्या मेहुण्याचा मुलगा मोहनसिंग तुझ्या आधी आत येऊन गेला होता. त्याला मी विचारलं की पंचकार्डाला भोकं कशासाठी असतात, तर म्हणाला, दोऱ्यात ओवून फाइलला लावायला. मला हसू आवरेना. हे तुला मुद्दाम सांगतोय. ज्याला जागा मिळाली तो कसा आहे, ते तुला माहीत असावं.

मग त्या गृहस्थांनी विचारलं, वाशीममध्ये यंत्र नाही, मग मुलांना हे शिकवणार कसं. आणि तू दाभणाचं सांगितलंस. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. मुंबईला वाणिज्याच्या शिक्षकांसाठी तीन आठवड्यांचा वर्ग होता, तिथे मी बहात्तर साली ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं आणि परत आलो तो पछाडल्यासारखा. अख्ख्या तालुक्यात कुणी यंत्राचं लेखापरीक्षण हा शब्द ऐकला नव्हता. मी गावभर हिंडून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, त्या एका मापाच्या कापल्या, कारंज्याच्या बाजारातून पोती शिवायची तीस दाभणं आणली, आणि तुम्हा तीस जणांना भोकं पाडायला बसवलं. कुणाच्या तरी चिरंजीवांच्या आणि सौभाग्यकांक्षिणींच्या नावांवरून तुम्ही भोकं पाडत होता. एकाने पाडायची, दुसऱ्याने त्याच कागदावरून नव्याने पाडायची, मग दोन्ही कार्डं एकावर एक ठेवून खिडकीशी धरायची. सगळ्या भोकांतून उजेड आला तर कार्ड पास. एका भोकात जरी अंधार दिसला तर दोघांपैकी एक चुकला. तुम्ही पाठीमागे मला दाभण सर म्हणायचा, ते मला आवडायचं.

आणि ती निरर्थक बेरीज. तिच्यावर तू सगळ्यांत जास्त लुब्ध होतास. मजुरांचे नंबर घ्यायचे आणि ते सरळ एकमेकांत मिळवायचे, एकशे बारा अधिक दोनशे सतरा अधिक तीनशे चार. आलेल्या आकड्याला काडीचा अर्थ नसतो, पण वाटेत एक कार्ड हरवलं किंवा कुणी एखादं हळूच आत सरकवलं तर तो आकडा बिघडतो आणि चोर सापडतो. तू उभा राहून विचारलंस, सर, ज्या बेरजेला अर्थच नाही ती खरी कशी असू शकते. मी म्हणालो, तिला माणसाशी देणंघेणं नाही म्हणूनच ती खरी असते. काय झोकात बोललो होतो. वर्गाने वहीत लिहून घेतलं. तू बहुधा अजून विसरला नसशील.

मग त्र्याहत्तरचा फेब्रुवारी. दुष्काळी कामं सुरू होती, अनसिंगजवळ तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. ज्या खात्याकडे ते होतं त्याने प्रयोग म्हणून तेवढ्या एका कामाची हजेरी यंत्रावर घेतली. प्रत्येक मजुराला नंबर, नंबराचा पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्याचं कार्ड, आणि दर पंधरवड्याला नागपूरहून छापून येणारी लांबच लांब यादी. मी त्या खात्याच्या साहेबाला भेटलो आणि म्हणालो, माझी मुलं तुमच्या यादीची प्रत्यक्ष पडताळणी करतील, फुकट. त्याला काय, तो हो म्हणाला. तुम्हाला मी सांगितलं की यंत्र फक्त नंबराशी नंबर ताडून बघतं. बिल्ला कुणाच्या गळ्यात आहे हे त्याला दिसत नाही, ते आपण जाऊन बघायचं. जोड्या पाडल्या, याद्या वाटल्या. लेखापरीक्षणाचा पहिला नियम काय होता, आठवतो का? तपासणाऱ्याचा ज्याच्याशी संबंध आहे ते त्याने तपासू नये. आणि मी तुझ्या हातात तुझ्याच गावाची यादी दिली. तू विचारलंस तेव्हा म्हणालो, तू माणसं ओळखतोस, काम लवकर होईल. दुसऱ्या कुणाला दिली असती तर तो तिऱ्हाईत म्हणून निभावून आला असता. मला बघायचं होतं की तू काय करतोस. प्रयोग खात्याचा चालला होता, तसा माझाही चालला होता.

तिथे काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. मी बांधावर उभा होतो. लालसिंग मुकादम नंबर पुकारायचा, माणूस पुढे यायचं, तुम्ही नाव, वय ताडून खूण करायचा. तासाभरात घोटाळा बाहेर पडायला लागला. बायकोच्या बिल्ल्यावर नवरा, मुलीच्या बिल्ल्यावर आई, भावाच्या बिल्ल्यावर भाऊ. मी लालसिंगला झापलं, तर तो टोपल्यांकडे हात करून म्हणाला, "साहेब, बिल्ला घरचा असते. सावडीच्या कामाले नाही का, ज्या घरचा दिवस लागते त्या घरचं कोनतंबी मानूस येते. टोपली त भरून येऊन राह्यली ना?" त्याला यात चोरी दिसतच नव्हती. शेतात एकमेकांकडे कामाला जायची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या, ती त्यांनी जशीच्या तशी सरकारी तलावावर आणली होती. कुणी जास्तीचं काही घेत नव्हतं. एका नंबराला एक माणूस, एक दिवसाला एक दिवसाचं काम. हे मला तिथेच कळलं होतं. मला कळलं नव्हतं असं समजून माझी सुटका करू नकोस.

मग दोनशे सतरा पुकारला गेला. यादीत गोजराबाई, वय बावीस, म्हणजे तुझ्या थोरल्या भावाची बायको. ती बारा दिवसांची बाळंतीण होती. पुढे आली ती तुझी आई भागिरथाबाई, सुनेचा बिल्ला गळ्यात घालून. साठीच्या पुढच्या बायांना नंबर मिळत नव्हता आणि सुनेला उठता येत नव्हतं, म्हणून घरचा एक नंबर वाया जाऊ नये यासाठी ती माती वाहत होती. तिने तुला पाहिलं आणि पदर पुढे ओढला. जगदेव तुझ्या जोडीला होता, सत्तर एकरांच्या धन्याचा मुलगा, अभ्यासात यथातथाच. त्याने मला पुढे सांगितलं की तो तुझ्या कानात म्हणाला होता, "देवमन, टिक मार न बाप्पा, कोन पाह्यते." तू टिक मारली नाहीस. तू लिहिलंस, प्रत्यक्ष हजर: स्त्री, वय अंदाजे पासष्ट, दात नाहीत. आणि पुढचा नंबर पुकारायला सांगितलास.

तो बुधवार होता. शुक्रवारी वर्गात प्रत्येक जोडीने आपापला अहवाल वाचायचा होता. मी तुला सगळ्यांत शेवटी उभं केलं. सदुसष्ट जणांची यादी तू एका सुरात वाचत गेलास, आणि दोनशे सतरावर आलास तेव्हा थांबलास. वर्गाला कुणकुण लागलेली होती. मी म्हणालो, वाच. तू वाचलंस, यादीत वय बावीस, प्रत्यक्षात पासष्ट, दात नाहीत. आणि मी म्हणालो, बावीस वर्षांत फारच झिजली म्हणायची बाई. वर्ग फुटला. मागच्या बाकावरची पोरं बाक बडवत होती. जगदेव तेवढा खाली बघत होता. आणि तू, देवमन, तूही हसलास. सगळ्यांच्या जरा मागून हसलास, पण हसलास. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून वर्गाला सांगितलं, लेखापरीक्षकाला आई नसते, हा मुलगा आज लेखापरीक्षक झाला.

एकूण एकतीस नंबर कमी झाले. पुढच्या पंधरवड्याची यादी आली तेव्हा मी ती कॉलेजच्या टेबलावर पसरली आणि नंबरांची बेरीज करून बघितली. जुन्या बेरजेतून एकतीस नंबर वजा केले की बरोबर तोच आकडा येत होता, एकाचाही फरक नाही. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. नागपूरला कुणीतरी ट्रेमधून एकतीस कार्डं उचलली होती आणि इकडे एकतीस घरांच्या चुली गार पडल्या होत्या, पण यादीत ती दुसरी गोष्ट छापून येत नाही. चौकशी करून नंबर परत द्यायची सोय होती म्हणे. चौकशीला चार महिने लागले. तुझा भाऊ आणि गोजराबाई केनवडकडे खडी फोडायला गेले. तिथली हजेरी कारकुनाच्या वहीत होती, हाताने लिहिलेली, जो समोर उभा राहील त्याचं नाव. गोजराबाईने महिन्याभराच्या लेकराला घेऊन उन्हात हातोडी चालवली. ती मुलगी एप्रिलमध्ये गेली. जगदेवने येऊन मला सांगितलं. मी म्हणालो, फार वाईट झालं, आणि त्याला परीक्षेच्या फॉर्मबद्दल विचारलं.

मला मात्र त्या एकतीस नंबरांनी पुष्कळ दिलं. मी त्यावर लेख लिहिला, तो वाणिज्य शिक्षकांच्या मासिकात छापून आला. मुंबईच्या त्याच वर्गाला दोन वर्षांनी मला शिकवायला बोलावलं. आणि दरवर्षी दुसऱ्या सत्रात, नियंत्रणाचा धडा सुरू झाला की मी ही गोष्ट सांगतो. तुझं नाव घेत नाही, एक विद्यार्थी म्हणतो. यादी, बांध, पुकारा, बावीस वर्षांची बाई, आणि तो विनोद. सहा वर्षांत सहा वर्ग त्या एकाच जागी हसले आहेत. मला ती जागा इतकी पाठ झालीय की आधी मी पाण्याचा घोट घेतो, म्हणजे हसणं ओसरेपर्यंत घसा तयार राहतो. माझ्या त्या गोष्टीत लेकरू नाही. केनवड नाही. विद्यार्थी आईचा नंबर वाचतो, वर्ग हसतो, मी खांद्यावर हात ठेवतो आणि तास संपल्याची घंटा होते.

आता सोमवारकडे ये. विद्यापीठाच्या माणसाने तुला शेवटचा प्रश्न विचारला, की या कामात तुमच्या सचोटीची कसोटी लागली असा एखादा प्रसंग सांगा. मला वाटलं तू नागपूरचं काही सांगशील. तू दोनशे सतरा सांगितलंस. आणि देवमन, तू तो माझ्याच शब्दांत सांगितलास. तू माझा लेख वाचला असशील, की एकदा ऐकलेलं तुझ्या अंगात उतरलं, मला माहीत नाही. तोच बांध, तोच पुकारा, त्याच जागी थांबणं. आणि तू म्हणालास, बावीस वर्षांत फारच झिजली म्हणायची बाई, आणि तू आधी हसलास. मग ते गृहस्थ हसले, मग अध्यक्ष हसले. पंख्याकडे बघणारा माणूस तुझ्या आईवर हसला. तुझ्याही गोष्टीत लेकरू नव्हतं. तुझ्या सख्ख्या भावाची मुलगी. त्यानंतर तू गंभीर होऊन सांगितलंस की त्या दिवसापासून आईने तुझ्याशी धड बोलणं केलं नाही, सत्याहत्तरला ती गेली तेव्हाही तिने तुला जवळ बोलावलं नाही, पण तू तत्त्व सोडलं नाहीस. गृहस्थ म्हणाले, वा. वहीत काहीतरी लिहून खाली रेघ ओढली.

तुम्ही सगळे गेल्यावर चिठ्ठ्या झाल्या. विद्यापीठाचं मत तुला. अध्यक्षांचं मत भाच्याला. राहिलं माझं, आणि मी मोहनसिंगचं नाव लिहिलं. ज्याला भोकं कशासाठी असतात ते माहीत नाही त्याचं. विद्यापीठाचे गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. अध्यक्ष तर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः उठून मला चहा दिला आणि म्हणाले, पंजाबराव, तुमच्यासारख्या माणसाला आपली माणसं कोणती ते बरोबर कळतं. त्यांना वाटलं, बौद्धाचं पोर कॉलेजात नको म्हणून मी तुला कापलं. मी चहा प्यालो. त्यांचा गैरसमज दूर केला नाही. केला असता तरी निकाल तोच राहिला असता आणि चहा गेला असता. ज्याचं तोंड बघायला नको अशा माणसाचं काम माझ्या हातून विनासायास झालं, ते मी तुला सांगून टाकतो. लपवून ठेवण्यासारखं माझ्याकडे आता फारसं काही उरलेलं नाही.

तू माझा सगळ्यांत हुशार विद्यार्थी आहेस. तुझ्याइतकं हे शास्त्र या जिल्ह्यात आज कुणाला येत नाही, मलाही नाही. आणि तुला वर्गासमोर उभं करायची माझी छाती झाली नाही. मोहनसिंग पोरांना काही शिकवणार नाही. ती पोरं कोरी राहतील, नापास होतील, घरी जाऊन गिरणी नाहीतर दुकान चालवतील. तू त्यांना सगळं शिकवशील, आणि दरवर्षी दुसऱ्या सत्रात त्यांच्यातला एखादा खालमानेचा पोरगा निवडशील, त्याच्या हातात त्याच्याच गावाची यादी देशील. हे मी अंदाजाने लिहीत नाही. एवढं एकच काम मी आयुष्यात मन लावून केलं, त्यातून काय तयार होतं हे मला कळतं. तुला राग येईल, यावा. मी घडवलं आणि मीच नाकारलं, हा अन्याय आहे, त्याला दुसरा शब्द नाही. पण हे सांगण्यासाठी मी कागद घेतला नव्हता. एवढ्यासाठी कॉलेजचं खोटं पत्र पुरलं असतं.

सोमवारी घरी येऊन मी दुर्गाबाईंना मुलाखतीचं सगळं सांगितलं. त्या निवडत होत्या ती डाळ तशीच ठेवून म्हणाल्या, "भागिरथाबाई येऊन गेली होती, थे त्याले कधी सांगतलं का?" सहा वर्षांत त्यांनी हा विषय काढला नव्हता. तुला माहीत नाही, कारण तुला सांगायला कुणी नव्हतंच. त्या आठवड्यातल्या गुरुवारी, बुधवारच्या तलावानंतर आणि शुक्रवारच्या वर्गाच्या आधी, तुझी आई दुपारच्या गाडीने अनसिंगहून आली होती. ती पायरीवर बसली, आत ये असं मी म्हटलं नाही. दुर्गाबाईंनी ओंजळीत वरून पाणी ओतलं, तेही मी बघत होतो. ती म्हणाली, "मास्तर, नंबर काटाचा असन त काटा, मी काही म्हनत नाही. पन पोराच्या तोंडून नोका वदवू. तुमी काटा. त्यानं वाचलं त तो मंग घरी तोंड दाखवाले येनार नाही, आन मायं थे एकच शिकेल लेकरू हाये." मी हो म्हणालो. तिला शब्द दिला की तुला उभं करणार नाही, तुझा अहवाल मीच वाचीन. ती हात जोडून उठली आणि परतीच्या गाडीची वेळ विचारून गेली. आणि ती गल्लीच्या टोकाला पोहोचायच्या आत माझ्या डोक्यात आलं की उद्याचा तास किती रंगेल. तो झिजल्याचा विनोद मी तेव्हाच, तिच्या ओल्या पायरीकडे बघत तयार केला. तुला वाटत आलंय की तू तत्त्वासाठी वाचलंस आणि आईने त्याचा राग धरला. तिला राग नंबराचा नव्हता, नंबर तर ती स्वतः देऊन गेली होती. तिला कळलं ते एवढंच की वर्गात देवमनने वाचलं आणि सगळे हसले, तोही हसला. मास्तरांनी तर हो म्हटलं होतं. म्हणजे पोराने स्वतः हट्टाने उभं राहून वाचलं, असं ती समजली, आणि ते समजूनच ती गेली.

तुझाच,
पंजाबराव